मतपत्रिकेची गोष्ट

दिवेलागण झाली, जनावरांना वैरण टाकून झाली असेल, कुणी भाकरी थापायला बसली असेल. हात कामात असू द्या, कान तेवढे इकडे द्या.

दोन-तीन महिन्यांपूर्वी आमच्या एका गटात अध्यक्ष निवडायची होती. दोघी इच्छुक होत्या. हात वर करून मत द्यायला कुणी तयार होईना, कारण दोघीही शेजारच्याच. मग ठरलं, चिठ्ठ्या टाकायच्या. वहीची पानं फाडली. चौघींना लिहिता येत नव्हतं, त्यांनी सचिवताईंच्या कानात नाव सांगून लिहून घेतलं. एकीने लेकीचं हिरवं पेन आणलं होतं. एकीचं अक्षर तर सगळ्या गटाला पाठ. निकाल लागला, आणि अंधार पडायच्या आत कुणी कुणाला मत दिलं हे अख्ख्या आळीला कळलं. पुढच्या बैठकीत हरलेल्या बाजूच्या एकीचा कर्जाचा अर्ज मागे राहिला. तो मुद्दाम ठेवला का, मला सांगता यायचं नाही. पण तिला जे वाटायचं ते वाटलंच. मला म्हणाली, "ताई, मी चिठ्ठी टाकलीच नसती तर बरं झालं असतं."

ते वाक्य मला लागलं. मी गटांची सहयोगिनी, मीच चिठ्ठ्या टाकायला सांगितल्या होत्या. घरी जाऊन विचार करत बसले. सरकारी निवडणुकीत कोट्यवधी बायका मत देतात, तिथे हे असं का होत नाही? उत्तर त्या कागदात आहे. मतपत्रिका म्हणजे नुसता नावं छापलेला कागद नव्हे. तिचा आकार, रंग, नावांचा क्रम, मागची सही, शिक्का, घडी, सगळं कायद्याने आणि नियमाने ठरलेलं असतं. आणि प्रत्येक नियमामागे कधीतरी झालेली एखादी फसगत किंवा कुणावर आलेला दबाव आहे. तीच गोष्ट आज सांगणार आहे.

फार मागे जायचं तर इंग्लंडमध्ये दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत मत तोंडाने द्यायचं. चौकात उभं राहून, सगळ्यांसमोर. जमीनदार ऐकतोय, दुकानदार ऐकतोय. कुळाची काय बिशाद वेगळं बोलायची! अमेरिकेत कागद होता, पण तो पक्षच छापायचे. प्रत्येक पक्षाचा कागद वेगळा, कुणी रंगीत छापायचा. मतदाराच्या हातातला कागद लांबूनच ओळखू यायचा. आमच्या गटातल्या हिरव्या पेनासारखंच म्हणा ना.

यावर पहिला तोडगा ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींनी काढला. व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया इथे १८५६ साली कायदे झाले. कागद सरकारने छापायचा, सगळ्यांना एकसारखा द्यायचा, त्यावर सगळ्या उमेदवारांची नावं असायची, आणि आडोशाला जाऊन खूण करायची. इंग्लंडने हे १८७२ मध्ये स्वीकारलं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पाँटिफ्रॅक्ट नावाच्या गावात या पद्धतीने पहिली निवडणूक झाली. ते गाव ज्येष्ठमधाच्या गोळ्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या मतपेटीवरच्या लाखेवर ज्येष्ठमधाच्या कारखान्याचा शिक्का उमटवला होता म्हणे. अमेरिकेत हा कागद पोहोचायला १८८८ साल उजाडलं. त्या पद्धतीला आजही 'ऑस्ट्रेलियन मतपत्रिका' म्हणतात.

पण या कागदात आपल्यासाठी एक अडचण होती. तो वाचावा लागायचा.

आपला देश स्वतंत्र झाला, घटनेने एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईला आणि पुरुषाला मताचा हक्क दिला, आणि पहिली निवडणूक आली १९५१-५२ मध्ये. मतदार सुमारे १७ कोटी ३० लाख. त्यातल्या शंभरातल्या पंच्याऐंशी जणांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुख्य निवडणूक आयुक्त होते सुकुमार सेन. त्यांच्यापुढे प्रश्न होता की ज्या बाईला अक्षर ठाऊक नाही, तिने कुणाच्या कानात काही न सांगता मत कसं द्यायचं?

त्याआधी एक मोठी अडचण मतदार यादीतच उभी राहिली. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत अशा भागांत यादी करणारे दारात गेले, तर बायका नावच सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. याद्यांमध्ये तसंच लिहिलं गेलं. सेन यांनी सांगितलं, असं चालणार नाही, मतदाराचं स्वतःचं नाव हवं. मुदतही वाढवून दिली. तरी देशातल्या सुमारे आठ कोटी बाई-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख बायकांची नावं मिळाली नाहीत आणि त्या यादीतून वगळल्या गेल्या.

मैत्रिणींनो, २८ लाख! मताचा हक्क होता, वय होतं, गाव होतं. नाव सांगितलं नाही म्हणून मत गेलं. तेव्हा सेन यांच्यावर टीकाही झाली. पण त्यांचं म्हणणं होतं, आत्ता सवलत दिली तर ही रीत कधी जाणार नाही. पुढच्या निवडणुकीपर्यंत पुष्कळ बायकांनी नावं नोंदवली. आपल्याकडे बायका नवऱ्याचं नाव उखाण्यातच घेतात, आणि लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने बाईचं नवं नाव लिहितात. आमच्या एका गटात आजही एक आजी आहेत. पावतीवर नाव काय लिहू म्हटलं की म्हणतात, "लिही की बाळूची आई." मी दरवेळी थांबते, त्यांच्याकडून त्यांचं नाव वदवून घेते. थोडं हसतात, मग सांगतात.

आता कागदाकडे येऊ. १९५१-५२ ची मतपत्रिका छापली गेली आपल्या महाराष्ट्रात, नाशिकरोडच्या सरकारी सिक्युरिटी प्रेसमध्ये. नोटा जिथे छापतात त्याच नाशिकरोडला. आणि ती दिसायलाही नोटेसारखीच. आकार एक रुपयाच्या नोटेएवढा, रंग गुलाबी, आणि प्रत्येकीवर अनुक्रमांक. तिच्यावर उमेदवाराचं नाव नव्हतं आणि चिन्हही नव्हतं. मग मत कुणाला दिलं हे कळणार कसं? तर प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. आडोशामागे पेट्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर त्या उमेदवाराचं चिन्ह चिकटवलेलं. बाईने कागद घ्यायचा, आत जायचं, आपल्या पसंतीच्या चिन्हाच्या पेटीत टाकायचा, आणि बाहेर यायचं. वाचायचं काही नाही, लिहायचं काही नाही. त्यासाठी देशभरात वीस लाखांहून जास्त पोलादी पेट्या लागल्या. त्यातल्या लाखो पेट्या मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या.

चिन्हंही विचार करून ठरवली. बैलजोडी, झाड, झोपडी, कणीस आणि विळा, पणती, हत्ती. रोजच्या बघण्यातली. देवाधर्माशी किंवा भावनेशी जोडलेल्या गोष्टी, म्हणजे गाय, देऊळ, राष्ट्रध्वज, चरखा असलं काही द्यायचं नाही, असं ठरलं. चिन्ह बघून मन एकीकडे ओढलं जाऊ नये, चिन्ह फक्त ओळखीपुरतं असावं, हा त्यामागचा हेतू.

पद्धत सोपी होती, पण तिच्यात भोकं होती. आडोशामागे गेलेला माणूस कागद पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणू शकत होता. तो कागद बाहेर विकता येत होता, आणि विकत घेणारा आपल्या माणसाकडून एकाच पेटीत बरेच कागद टाकू शकत होता. काही जण कागद आत न टाकता पेटीच्या वरच ठेवून यायचे. कुठे लोकांनी पेटीला फुलं वाहिली. आणि उमेदवार वाढले की पेट्या वाढायच्या.

म्हणून ती पद्धत बदलली. १९६२ च्या निवडणुकीपासून आपण जी मतपत्रिका ओळखतो ती जवळपास सगळीकडे आली. एकच कागद, त्यावर सगळ्या उमेदवारांची नावं आणि प्रत्येकासमोर त्याचं चिन्ह, आणि सगळ्यांसाठी एकच पेटी. ऑस्ट्रेलियाचा छापील कागद आणि आपली चिन्हं यांची सांगड घातली गेली. त्याआधी १९६१ मध्ये निवडणूक घेण्याचे नियम आले. थोड्याफार दुरुस्त्यांसह तेच आजही चालतात. त्यातले काही नियम मी साध्या भाषेत सांगते.

पहिला नियम स्थळप्रतीचा. पावती पुस्तकात जसा अर्धा भाग आपल्याकडे राहतो, तशी प्रत्येक मतपत्रिकेला स्थळप्रत जोडलेली. मतदाराने स्थळप्रतीवर सही करायची किंवा अंगठा द्यायचा, मतपत्रिकेवर नाही. मतपत्रिका किती दिल्या आणि पेटीत किती निघाल्या, हा हिशेब त्यामुळे लागतो. पण कुठल्या बाईला कुठल्या क्रमांकाची मतपत्रिका दिली, हे स्थळप्रतीखेरीज दुसरीकडे केंद्रातल्या कुणीही टिपून ठेवायचं नाही, असंही नियम सांगतो. स्थळप्रती सीलबंद ठेवतात, आणि न्यायालयाने सांगितल्याशिवाय ती पाकिटं उघडत नाहीत. हिशेब चोख राहतो आणि गुपितही राहतं.

दुसरा नियम मागच्या बाजूचा. मतपत्रिका देण्याआधी तिच्या पाठीवर केंद्राची खूण आणि केंद्राध्यक्षाची पूर्ण सही हवी. म्हणजे बाहेर छापून आणलेला खोटा कागद पेटीत शिरला तर मोजताना सापडतो. आणि केंद्राध्यक्षच सही करायला विसरले तर? त्याचाही विचार नियमात आहे. चूक अधिकाऱ्याची आहे अशी खात्री पटली, तर तेवढ्यावरून मत बाद करत नाहीत. शिक्षा मतदाराला नको.

तिसरा नियम खुणेचा. खूण केंद्रात ठेवलेल्या शिक्क्यानेच करायची. पेनाने केली, अंगठा उठवला किंवा सही केली, तर मत बाद. मला पूर्वी हे फार कडक वाटायचं. एखादी म्हातारी भाबडेपणाने अंगठा उठवते, तिचं मत का बाद करायचं? मग लक्षात आलं. अंगठ्यावरून माणूस ओळखता येतो. कुणी तिला बजावलं असेल, "आमच्या चिन्हावर तुझा अंगठा दिसला पाहिजे, मोजताना आमचा माणूस बघणार आहे," तर? ओळख पटेल अशी कुठलीही खूण चालणार नाही म्हटलं की त्या दमदाटीलाच अर्थ उरत नाही.

तो शिक्काही साधा नाही. फुलीची चारही टोकं एकाच दिशेला वळलेली असतात. कागदाची घडी घातली आणि ओली शाई दुसऱ्या बाजूला उमटली, तर तिथे टोकं उलट्या दिशेला वळलेली दिसतात. मोजणाऱ्याला लगेच कळतं की खरी खूण कुठली आणि डाग कुठला. घडीसुद्धा आधी उभी घालायला सांगतात, म्हणजे शाई उमटलीच तर त्याच उमेदवाराच्या ओळीत उमटते.

चौथा नियम नावांचा. नावं वर्णक्रमाने लागतात. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणी झालेल्या इतर पक्षांचे, मग अपक्ष. कोण श्रीमंत, कोण सत्तेत, याच्यावर काही नाही. दोन उमेदवारांचं नाव एकच असेल, तर त्यांचा व्यवसाय किंवा गाव लिहून फरक दाखवायचा. नामसाधर्म्याचा फायदा घेऊन मतं फोडण्याचा खेळ आपण सगळ्यांनी पाहिलाय, म्हणून हा नियम. आणि एक नियम आपल्या फार कामाचा. अर्जातल्या नावात चूक असेल, किंवा लोक तुम्हाला वेगळ्याच नावाने ओळखत असतील, तर उमेदवारांची अंतिम यादी तयार होण्याआधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी कळवता येतं, आणि खात्री पटल्यावर नाव दुरुस्त होतं. हा नियम विधानसभा-लोकसभेचा. पण तुमच्यापैकी कुणी ग्रामपंचायतीला उभी राहणार असेल, तर तिनेही अर्ज भरतानाच विचारावं. कागदावर सासरचं नाव आणि गावाच्या तोंडी माहेरचं, असं असेल तर मतपत्रिकेवर आपल्याला कोण ओळखणार?

या कागदाची परीक्षाही झाली. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीनंतर दिल्लीत हरलेले उमेदवार बलराज मधोक यांनी आरोप केला की मतपत्रिकांवर रसायन लावलं होतं, मतदाराची खूण उडून जाते आणि दुसरीकडे आपोआप उमटते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मताचं गुपित महत्त्वाचं, पण शंकाही फिटली पाहिजे, म्हणून न्यायालयाने मोजक्या मतपत्रिका तपासून बघण्याची वाट मोकळी केली. आरोप सिद्ध झाला नाही. कागद जपून ठेवलेला होता, म्हणून शंका तपासता आली, हे लक्षात ठेवा.

दुसरी परीक्षा १९९६ ची. तमिळनाडूत मोडकुरुची मतदारसंघात शेतकऱ्यांनी आपले प्रश्न कुणी ऐकत नाही म्हणून निषेधासाठी अर्ज भरले. उमेदवार झाले १,०३३! मतपत्रिका कसली, पुस्तकच छापावं लागलं, आणि मतदान पुढे ढकलावं लागलं. त्याच वर्षी लोकसभेला नलगोंडामध्ये ४८० आणि बेळगावात ४५६ उमेदवार होते. मग कायदा बदलला. अनामत रक्कम लोकसभेला ५०० रुपयांवरून १०,००० आणि विधानसभेला २५० वरून ५,००० झाली. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. कागद आटोपशीर झाला खरा, पण गरिबाला उभं राहणं महाग झालं, हेही म्हटलं पाहिजे.

मग यंत्र आलं. २००४ मध्ये लोकसभेची सगळी निवडणूक यंत्रावर झाली. कागद गेला असं वाटलं, पण तो गेलेला नाही. यंत्रावर बटणांशेजारी जी नावं आणि चिन्हं दिसतात, ती छापील मतपत्रिकाच असते. लोकसभेची पांढरी आणि विधानसभेची गुलाबी. २०१५ पासून तिच्यावर उमेदवाराचा फोटो आला. २०२५ मध्ये आयोगाने आणखी सुधारणा केल्या आणि बिहारच्या निवडणुकीपासून त्या लागू केल्या. फोटो रंगीत, चेहरा मोठा दिसेल असा, अनुक्रमांक ठळक, आणि सगळ्यांची नावं एकाच मोठ्या अक्षरात. चष्मा घरी विसरलेल्या आजींना याचा उपयोग होईल.

यंत्र आलं तेव्हा एक गुपित मात्र हरवलं होतं. कागदाच्या काळात कुणीच पसंत नसेल तर कोरी मतपत्रिका पेटीत टाकता यायची, कुणाला कळायचं नाही. यंत्रावर तसं करायचं तर रजिस्टरमध्ये नोंद करून सही द्यावी लागायची. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हेही गुपितच राहिलं पाहिजे. तेव्हापासून यादीच्या शेवटी 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आलं. आणि बटण दाबल्यावर शेजारच्या काचेत सात सेकंद जी चिठ्ठी दिसते, तोही कागदच. शंका आली तर तपासायला काही तरी हवं, म्हणून ती.

आता शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. पुष्कळ ठिकाणी नवरा किंवा मुलगा म्हणतो, "हिला वाचता येत नाही, मी हिच्याबरोबर आत जातो." विधानसभा-लोकसभेच्या नियमात सोबती नेण्याची मुभा आहे, पण ती ज्याला दिसत नाही किंवा शरीराच्या अडचणीमुळे बटण दाबता येत नाही, अशा मतदाराला. नुसतं वाचता येत नाही, हे कारण चालत नाही. कारण सोपं आहे. चिन्ह त्यासाठीच तर आहे! सत्तर वर्षांपूर्वी एवढा खटाटोप कशासाठी केला? न शिकलेल्या बाईला कुणाच्या आधाराशिवाय आत जाता यावं म्हणून. आणि कधी केंद्रावर गेल्यावर कळलं की आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलंय, तर रडत घरी येऊ नका. केंद्राध्यक्षाकडे जा. तुमची ओळख पटली की तुम्हाला प्रदत्त मतपत्रिका मिळते. यंत्राच्या जमान्यातही ती कागदाचीच असते.

आता आमच्या गटाचं सांगते. सगळ्यांच्या संमतीने परवाच्या बैठकीत पुन्हा मतदान घेतलं. एकाच वहीचे एकाच मापाचे कागद कापले. एकीला सूप, दुसरीला घागर अशी चिन्हं दिली, आणि दोन्ही प्रत्येक कागदावर छापून घेतली. पाठीवर माझी सही. शाळेतल्या पोरांसारखी भेंडी कापून तिचा शिक्का केला, शाईच्या पॅडवर टेकवायचा आणि चिन्हावर उठवायचा. कुडाला चादर लावून आडोसा केला. आजी सगळ्यात आधी उठल्या. सचिवताई सवयीने म्हणाल्या, "आजी, येऊ का मदतीला?" आजी म्हणाल्या, "नको. सूप आन् घागर मला कळत न्हाई व्हय?"

कोण निवडून आलं, ते मी सांगते. पण कुणी कुणाला मत दिलं, ते मला ठाऊक नाही, सचिवताईंना ठाऊक नाही, कुणालाच ठाऊक नाही. मागे पडलेला तो कर्जाचा अर्ज याच बैठकीत समोर आला आणि त्यावर सगळ्यांसमोर चर्चा झाली. अर्ज करणारी बाई माझ्याकडे बघून नुसती हसली.

तुमच्या गटातही पुढच्या वेळी करून बघा. आणि त्याआधी एक काम. मतदार यादीत आपलं नाव आहे का, नीट लिहिलंय का, ते बघून या. स्वतःचं, पूर्ण नाव.